जुन्या फडताळांचे नवे पल्ले

गाझियाबादच्या जुन्या वस्तीला जे चार दरवाजे होते त्यांपैकी दिल्ली, डासना आणि सिहानी या तिघांची नावे आजही रिक्षावाल्यांच्या तोंडी आहेत. चौथा जो शाही दरवाजा, त्याचे स्वातंत्र्यानंतर जवाहर गेट झाले, जागा मात्र तीच राहिली. १७४० मध्ये वजीर गाजीउद्दीनाने वसवलेले गाजीउद्दीननगर तर रेल्वे आल्यावर नावाने आखूड होऊन गाझियाबाद झाले. अंतरंगाला हात न लावता मुखदर्शन तेवढे पालटण्याची वहिवाट ज्या शहराच्या जन्मपत्रिकेतच आहे, त्या शहरात राहत असता, स्वयंपाकघरातील जुन्या कपाटांचे सांगाडे कायम ठेवून त्यांचे पल्ले, दर्शनी पट्ट्या आणि बिजागऱ्या एवढेच आपल्या हाताने बदलता येईल काय, आणि येत असल्यास ते करणे शहाणपणाचे ठरेल काय, या वरकरणी क्षुल्लक प्रश्नाचा साद्यंत विचार करण्याचा प्रसंग माझ्यावर आला. प्रश्न क्षुल्लक नाही, हे मला दोन महिन्यांनी समजले.

या प्रांतातील सुतार बिजागरीला कब्जा म्हणतो. मराठी कानाला हा शब्द दिवाणी कचेरीतला वाटतो. आणि ज्या जिल्ह्यात असंख्य कुटुंबांनी बिल्डरकडून आपल्या सदनिकेचा कब्जा मिळावा म्हणून वर्षानुवर्षे हेलपाटे घातले, तिथे सुताराने ओट्याखाली डोके घालून ‘कब्जा ढिला झाला आहे’ असे गंभीरपणे सांगितले की नवख्या मराठी गृहिणीच्या काळजाचा ठोका चुकावा, यात आश्चर्य नाही.

आपल्या पूर्वजांच्या स्वयंपाकघरात हा प्रश्नच उद्भवत नव्हता. चूल जमिनीवर, भिंतीत कोनाडा, डोक्यावर शिंकाळे, आणि फार तर पितळी डबे ठेवण्यासाठी भिंतीतच बसवलेले सागवानी फडताळ. पुढे स्टीलची मांडणी आली. बसून करण्याचा स्वयंपाक उभ्याने करण्याचा झाला, गॅसची शेगडी ठेवण्यासाठी ओटा बांधला गेला, आणि ओट्याखाली जी पोकळी निर्माण झाली तिला झाकणे आवश्यक झाले. पल्ल्यांचा जन्म हा असा झाकाझाकीतून झालेला आहे. युरोपात या विषयाचा शास्त्रशुद्ध विचार १९२६ मध्ये मार्गारेट शुट्ट-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफुर्टच्या गृहयोजनेसाठी केला, आणि सुमारे १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब अशा चिंचोळ्या खोलीत बसणारे एकसाच्याचे स्वयंपाकघर तेथे दहा हजारांच्या आसपास घरांतून बसवले गेले. आज ज्याला आपण मॉड्युलर म्हणतो त्याचे हे मूळ होय. त्यातला ‘एकसाचा’ हा शब्द वाचकाने ध्यानात ठेवावा, कारण आपल्याकडील बहुतेक अडचणी त्याच्या अभावातून निघतात.

गाझियाबादेत या दृष्टीने पाहिले तर तीन प्रकारची घरे आढळतात. कवीनगर, राजनगर यांसारख्या जुन्या वसाहतींतील स्वतंत्र घरांत ओट्याखालच्या आडव्या-उभ्या भिंती विटांच्या किंवा दगडी फरशीच्या असतात. महाराष्ट्रात जे काम कडाप्पा करतो तेच येथे कोटा फरशी करते. आणि समोर लाकडी चौकट ठोकून तिला पल्ले लावलेले असतात. दुसरा प्रकार आवास विकास परिषदेच्या वसुंधरेसारख्या वसाहतींतला, जिथे घराचा ताबा मिळाल्यावर प्रत्येकाने आपला सुतार आणून प्लायवूडची कपाटे बनवून घेतली आणि त्यांवर सनमायका चढवला. तिसरा प्रकार इंदिरापुरम आणि राजनगर एक्स्टेंशनच्या उत्तुंग इमारतींतला. तिथे पुष्कळदा कारखान्यातून आलेली, लाकडाचा भुगा दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डाची पेटी भिंतीला टांगलेली सापडते. पहिल्या प्रकारात सांगाडा कुजण्याची भीतीच नसल्यामुळे केवळ पल्ले बदलण्याचे काम तेथे सर्वांत सुलभ. दुसऱ्यात ते शक्य, पण तपासणीअंती. तिसऱ्यात ते बहुधा पैशाचा अपव्यय, असे माझे मत झाले आहे.

केवळ पल्ले बदलण्याचा हा उद्योग मूळचा अमेरिकेतला. तेथील जुन्या कपाटांना समोरून घन लाकडाची चौकट असते. त्या चौकटीवर लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवावा, पल्ले नवे आणावेत, आणि आठवड्याभरात स्वयंपाकघराने कात टाकावी. तिथे कारागिराची मजुरी जबर असल्यामुळे गृहस्थाने स्वतः हत्यार धरणे ही किफायतीची गोष्ट ठरते. युरोपात बिनचौकटीची कपाटे साठ सेंटिमीटरच्या मापात सर्वत्र सारखी असल्यामुळे जुन्या पेटीवर बसणारे नवे पल्ले दुकानातून तयार आणता येतात. आपल्याकडे या दोन्ही अटी उलट्या आहेत. येथे माल महाग आणि मजुरी त्या मानाने स्वस्त. माप तर घरागणिकच नव्हे, एका घरातही कप्प्यागणिक वेगळे, कारण ज्या मिस्त्रीने ते केले त्याने भिंतीचा वाकडेपणा पाहून जागेवरच तडजोड केलेली असते. म्हणून परदेशी पुस्तकांतील आणि चित्रफितींतील उपदेश येथे जसाच्या तसा लागू करू पाहणाऱ्याची स्थिती परक्या मुलखाचा नकाशा घेऊन आमची हिंडन नदी ओलांडणाऱ्यासारखी होते.

मग मजुरी स्वस्त असताना गृहस्थाने हे काम स्वतः का करावे? याचे उत्तर पैशात शोधू नये. ठेकेदाराला बोलावले की तो दार उघडून आत पाहण्यापूर्वीच सर्व तोडून नवे करण्याचा सल्ला देतो. त्यात लबाडीच असते असे नव्हे, जुन्या सांगाड्याला नवा पल्ला बसवण्याचे काम वेळखाऊ, कटकटीचे आणि नफ्याला कमी, त्यामुळे व्यवहारी माणसाने ते टाळावे हे स्वाभाविकच आहे. तात्पर्य, सांगाडा ठेवण्याजोगा आहे की नाही याचा निवाडा ज्याचे हित तो ठेवण्यात आहे त्यानेच केला पाहिजे. आणि असा निवाडा देण्याची पात्रता हाताने काम केल्यावाचून येत नाही.

या निवाड्यासाठी प्रथम पंचनामा करावा. कपाटे संपूर्ण रिकामी करावीत (हे वाक्य लिहायला सोपे आहे; आमच्या घरी या कलमाला दोन दिवस लागले आणि चकल्यांचे तीन सोरे निघाले), विजेरी घेऊन प्रत्येक कोपरा पाहावा, टोच्याने तळाच्या फळीला आणि सिंकखालच्या बाजूंना टोचावे. टोच्या सहज आत गेला तर ती फळी कामातून गेली. बोटाच्या पेराने ठोकून ऐकावे. वाळवीने पोखरलेली फळी वरून अखंड दिसूनही पोकळ वाजते, आणि गंगा-यमुनेच्या या गाळाच्या भूमीत वाळवीला दुष्काळ ठाऊक नाही. सिंकखाली पार्टिकल बोर्ड फुगलेला आढळला तर तो वाळवून पूर्ववत होईल ही आशा सोडावी, कारण त्यातील भुगा कारखान्यात दाबून बसवलेला असतो आणि पाणी मिळाले की तो दाब एकदाचा सुटतो. सुटलेला दाब पुन्हा भरता येत नाही. प्लायवूडची गोष्ट निराळी. त्यावर आयएस ७१० हा शिक्का असेल, म्हणजे ७२ तास उकळत्या पाण्यात टिकण्याची परीक्षा दिलेला तो माल असेल, तर पंधरा-वीस वर्षांनंतरही तो ठणठणीत निघू शकतो. शेवटी गुण्या लावून पेटीचे कोन तपासावेत आणि दोन्ही कर्ण मोजावेत. कर्णांत पाच-सात मिलिमीटरांहून अधिक फरक असेल तर नवा काटकोनी पल्ला त्या तिरप्या तोंडावर दात विचकून उभा राहील.

जुने लाकूड ठेवण्याचा आग्रह मी धरतो तो केवळ चिकटपणातून नव्हे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या कामासाठी लाकूड तोडण्याविषयी जो जाबता आहे, त्यात आंबा-फणसाच्या झाडांना हात लावू नये, ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, अशा आशयाची ताकीद आहे. त्या ताकिदीची आठवण दिल्लीला फार उशिरा झाली. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीवर निर्बंध घातले, ईशान्येकडील प्लायवूडचे कारखाने थंडावले, आणि तो धंदा हरियाणातील यमुनानगर व केरळातील पेरुंबावूर येथे फोफावला. यमुनानगरचा कच्चा माल म्हणजे शेताच्या बांधावर लावलेला पॉप्लर आणि निलगिरी. या पॉप्लरची लागवड उत्तरेच्या तराईत विम्को या आगपेट्यांच्या कंपनीने काड्यांच्या लाकडासाठी शेतकऱ्यांकरवी वाढवली होती. २०१४ च्या १ एप्रिलपासून ब्रह्मदेशाने ओंडक्यांची निर्यात बंद केल्यावर गर्जन वृक्षाचे टणक दर्शनी पापुद्रेही दुर्मिळ झाले. परिणामी ज्यांच्या घरी नव्वदीच्या पूर्वीचे चांगले प्लायवूड आहे, त्यांनी ते फेकून आज बाजारातला हलका, पॉप्लरच्या गाभ्याचा माल आणणे म्हणजे पुष्कळदा सोने देऊन कथील घेणे होय.

या पॉप्लरावरून एक गंमत सांगण्याजोगी आहे. जुन्या पल्ल्यातील स्क्रूचे भोक सैल झाले की आमचा सुतार त्यात आगपेटीच्या काड्या गोंदात बुडवून ठोकतो आणि वर आलेली टोके पटाशीने कापून त्याच जागी स्क्रू पुन्हा आवळतो. आगपेटीसाठी लावलेले झाड प्लायवूड झाले आणि त्याची झीज भरून काढायला पुन्हा आगपेटीच धावली.

सांगाडा निर्दोष ठरला तर पुढे तीन मार्ग आहेत: जुन्याच पल्ल्यांना रंग देणे, जुन्याच पल्ल्यांवर नवा सनमायका चढवणे, किंवा पल्लेच नवे करणे. रंगाचा मार्ग सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फसवा. फोडणीच्या तेलाचा जो अदृश्य थर वर्षानुवर्षे पल्ल्यांवर बसतो तो धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने दोनदा काढल्याशिवाय कोणताही रंग त्यावर टिकत नाही. नंतर १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश कागदाने घासणे, प्रायमर, पुन्हा घासणे, आणि मग रंगाचे दोन पातळ हात. परंतु येथे एक धोक्याची सूचना आहे, जी मला कोणत्याही दुकानदाराने दिली नाही. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांहून अधिक नसावे हा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. तेव्हा त्यापूर्वीच्या ऑइल पेंटने रंगवलेले पल्ले कोरडे घासून त्याची धूळ घरात उडवणे, विशेषतः घरात लहान मूल असता, हा अविचार होय. असे पल्ले ओल्या कागदाने, घराबाहेर, तोंड झाकून घासावेत. किंवा घासूच नयेत, बदलावेत.

सनमायका हे वस्तुतः एका व्यापारी मालाचे नाव, पण आपल्याकडे ते सामान्यनाम होऊन बसले आहे. त्यात अभ्रकाचा अंशही नाही. १९१३ मध्ये सिनसिनाटी येथे ओकॉनर आणि फेबर या दोघांनी विजेच्या यंत्रांत अभ्रकाऐवजी वापरता येईल अशा राळेत भिजवलेल्या थरांच्या पत्र्याचा कारखाना काढला आणि त्या ‘अभ्रकाऐवजी’चेच फॉर्मायका हे नाव झाले; १९३८ मध्ये त्यावर मेलामाइनचा कठीण, रंगीत थर आला आणि यंत्रातला पत्रा स्वयंपाकघरात शिरला. आज आठ फूट बाय चार फुटांचा, एक मिलिमीटर जाडीचा हा पत्रा बाहेरच्या बाजूस आणि त्याहून पातळ पत्रा आतल्या बाजूस लावण्याची रीत आहे. आतली बाजू कोरी ठेवून पैसे वाचवू पाहणाऱ्याचा पल्ला पहिल्या पावसाळ्यातच पापडासारखा वळतो, कारण एका अंगाने दमट हवा पिणारे आणि दुसऱ्या अंगाने बंद असलेले लाकूड सरळ राहणे शक्य नाही.

जुन्या मायक्यावर नवा मायका चिकटवण्यात मुख्य प्रश्न गोंदाचा. एकेकाळी सुतार प्राण्यांच्या हाडा-कातड्यांचा सरस शिजवून वापरीत आणि त्याच्या वासाने घरातील शाकाहारी मंडळी माजघरात पळत. १९५९ मध्ये फेविकॉल आले आणि तो वास गेला. पण हा पांढरा गोंद पाण्यावर तयार केलेला असल्यामुळे ते पाणी शोषून घेणारे लाकूड त्याला लागते, आणि जुना मायका काहीच शोषीत नाही. अशा ठिकाणी एक तर जुना पत्रा गरम इस्त्रीने सैल करून उचकटावा, नाही तर तो ८० नंबरच्या कागदाने खरखरीत करून रबराच्या जातीचा गोंद दोन्ही पृष्ठांवर लावावा, दहा-पंधरा मिनिटे बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबावे आणि मगच एकदा, अचूक, टेकवावे. दुसरी संधी मिळत नाही. शिवाय या गोंदाच्या वाफा ज्वालाग्राही असतात, आणि स्वयंपाकघरात सिलिंडर असतो. तेव्हा हे काम गच्चीवरच करावे. मी स्वतः एक पल्ला असा केला. तो आज साठवणीच्या खोलीत सर्वांत मागे आहे.

म्हणून माझा कौल तिसऱ्या मार्गाला, म्हणजे नव्या पल्ल्यांना आहे; मात्र त्यातही स्वहस्ते काय करावे आणि काय करू नये याची वाटणी स्पष्ट हवी. फळी कापणे, तिच्यावर दोन्ही बाजूंनी मायका दाबणे आणि कडांना प्लॅस्टिकची पट्टी तप्त गोंदाने चिकटवणे ही यंत्राच्या धारेची आणि दाबाची कामे आहेत, आणि दिल्लीच्या कीर्तीनगरात ती माप दिल्याबरहुकूम करून देणारी दुकाने आहेत. गाझियाबादेतील वैशालीहून मेट्रोच्या निळ्या मार्गाने बदली न करता तेथे जाता येते, येताना मात्र टेम्पोच करावा लागतो. उलट तपासणी, मोजमाप, जुने पल्ले उतरवणे, सांगाडा धुऊन-पुसून दुरुस्त करणे, बिजागऱ्या बसवणे आणि पल्ले एका ओळीत आणणे ही चिकाटीची कामे आहेत. रोजंदारीवर आलेल्या माणसाला चिकाटी परवडत नाही, ती घरच्यालाच परवडते. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर जे मूलोद्योग शिक्षण आले त्यात सुतारकामही होते, आणि त्या शाळांत शिकलेली एखादी वृद्ध व्यक्ती घरात असेल तर गुण्या तिच्या हाती द्यावा. आम्ही मध्यमवर्गीयांनी हत्यार हे बलुतेदाराचे आणि लेखणी आमची अशी जी विभागणी मनात जपून ठेवली आहे, ती या कामात पहिल्या तासाभरात उघडी पडते.

मोजमापाविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण सारे यशापयश तेथे आहे. प्रत्येक कप्पा वर, मध्ये आणि खाली असा तीनदा मोजावा, आणि इंचात मुळीच मोजू नये; गाझियाबादचा सुतार सूत आणि इंच बोलतो, कीर्तीनगरचे यंत्र मिलिमीटर बोलते, आणि या दुभाषेपणात माझे दोन पल्ले चार मिलिमीटरांनी रुंद आले. बिनचौकटीच्या ६०० मिलिमीटर रुंद पेटीला ५९६ चा पल्ला पुरतो. शेजारच्या दोन पल्ल्यांत तीन-चार मिलिमीटरांची फट राहिली पाहिजे, नाही तर पावसाळ्यात ते एकमेकांना धरून बसतात. जुन्या लाकडी चौकटीत मात्र पल्ला आत बसतो, आणि तिथे पितळी बिजागरीच ठेवावी असे मी म्हणेन. ज्याला बाजारात ऑटो हिंज म्हणतात त्या लपत्या बिजागरीसाठी पल्ल्याच्या मागे ३५ मिलिमीटर व्यासाची वाटी कोरावी लागते. ही वाटीही दुकानातूनच कोरून आणावी, कारण हातातले गिरमिट जरासे घसरले की नवा मायका समोरून फुटतो. या बिजागरीचे तीन प्रकार मिळतात: पेटीची कड संपूर्ण झाकणारा, दोन पल्ल्यांनी एकच उभी फळी वाटून घ्यायची असेल तेव्हाचा, आणि पल्ला आत बसवण्याचा, दुकानदार त्यांना झीरो, आठ आणि सोळा क्रँक म्हणतो. सरसकट पहिलाच प्रकार घेऊन येणे ही नवशिक्याची ठरलेली चूक. सुमारे ९०० मिलिमीटर उंचीपर्यंत दोन बिजागऱ्या चालतात, त्यापुढे तिसरी लागते. आणि त्या बिजागरीत जे समायोजनाचे स्क्रू असतात, एक पल्ला डावीकडे-उजवीकडे नेणारा, एक आत-बाहेर आणि एक वर-खाली, त्यांच्याशी दोन संध्याकाळ पेचकस घेऊन बसले असता वाकड्या भिंतीवरचे कपाटही सरळ दिसू लागते. हा या सबंध उद्योगातला सर्वांत आनंदाचा भाग आहे.

एक मुद्दा हवेचा. प्लायवूड आणि बोर्डातील राळेतून फॉर्माल्डिहाइड हा वायू मंदपणे सुटत राहतो, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तो माणसाला कर्करोग देणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या वर्गात घातला. जिथे थंडीत बाहेरच्या विषारी धुक्यामुळे खिडक्याच उघडवत नाहीत, तिथे नव्या बोर्डाची प्रत्येक उघडी कड पट्टीने किंवा वार्निशने बंद करणे हा काटेकोरपणा नव्हे, गरज आहे. त्याच धुक्यापायी २०२१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरातील बांधकामे थांबवली, तेव्हा नळकाम, वीजकाम, अंतर्गत सजावट आणि सुतारकाम यांना मोकळीक दिली होती. तरी सोसायटीच्या फाटकावरील पहारेकऱ्याला ते फर्मान दाखवून सुताराला आत आणणे हे स्वतंत्र प्रकरण आहे. माझ्या मते हंगाम दोनच: पावसाळा ओसरल्यावरचा ऑक्टोबर, किंवा फाल्गुन. जानेवारीच्या कडाक्यात पांढरा गोंद धड सुकत नाही, आणि ऐन पावसाळ्यात मोजलेला लाकडी पल्ला ज्येष्ठाच्या लू वाऱ्यात आकसून फट दाखवतो.

आमचे काम फाल्गुनात संपले. जुने अकरा पल्ले जिन्याखाली रचून ठेवले होते, ते न्यायला कबाडी आला. त्याने प्रथम एकेका पल्ल्याची पितळी बिजागरी हातातल्या पेचकसाने सराईतपणे काढून घेतली, तराजूत घातली, आणि तिचे पैसे माझ्या हातावर ठेवले. मग पल्ले उलटेसुलटे करून पाहिले. सागाच्या चौकटीचे दोन त्याने न बोलता सायकलगाडीवर चढवले. प्लायवूडचे सहा घासाघीस करून फुकट नेले. आणि उरलेल्या भुशाच्या तीन पल्ल्यांकडे बोट दाखवून, हे उचलण्याचे तुम्हीच मला काय द्याल, असे विचारले.